हिवरखेडचं कार्ड

कापसाचा हंगाम लागला की मला शिंका सुरू होतात. पंचांग बघावं लागत नाही. जिनाच्या कारखान्यात रुई आणि सरकी वेगळी व्हायला लागली की बारीक तंतू उडतात, दारातून आत येतात, वाळत घातलेल्या लुगड्यावर बसतात, झाकण काढलं की ताकात पडतात. सगळा जन्म अकोल्यात काढला, पण नाकाला त्याची सवय झाली नाही ती नाहीच. परवा सकाळी अशीच शिंकत ओसरीवर बसले होते, तेवढ्यात पोस्टमन पत्र देऊन गेला. कुणी नवा प्रकाशक आहे. माझी जुनी कादंबरी पुन्हा काढतो म्हणतो. अक्षर वळणदार, भाषा गोड. शेवटी लिहिलंय, "त्या काळचे वाचकांचे अभिप्राय आपल्या संग्रही असल्यास कृपया पाठवावेत. मागे छापू."

आहे ना बाबा. एक आहे. ट्रंकेत, तळाशी, पोस्टकार्डावर. खरा म्हणावा असा तेवढा एकच आला होता. पण छापायचा म्हटलं की मी ट्रंकेचं झाकण पुन्हा लावून टाकते.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मोठे साहेब नागपुरात बसायचे, आणि मी इथे मुलींच्या शाळेत तिसरीला शिकवायचे. बाविसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालेली बाई. शाळेच्या कमिटीने उपकार केल्यासारखं कामावर घेतलेलं. कमिटीत सहा पागोटी होती आणि सहाही जणांना माझ्या डोक्यावरचा पदर किती इंच खाली आहे याची काळजी. असल्या मास्तरणीने कादंबरी लिहिली आहे हे कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी मी घरी बसले असते. म्हणून पुस्तकावर नाव आलं 'मनोहर'. ही युक्ती अमरावतीच्या अंबादासपंतांची. त्यांचं दुकान आणि छापखाना अंबागेटच्या आत होता. "बाई," ते म्हणाले होते, "तुमच्या नावाने काढलं तर लोक लोणची-मुरंबे समजून घेतील आणि घरी जाऊन मला शिव्या घालतील." मी हसले. तेव्हा मला त्यांच्या प्रत्येक बोलण्याचं हसू यायचं. छापून येण्याची हाव ज्याला सुटली, तो प्रकाशकाच्या कुठल्याही बोलण्यावर हसतो.

कादंबरीचं नाव सांगत नाही, सांगण्यासारखं नव्हतं. गोष्ट एका वेचणाऱ्या बाईची. नवरा गेलेला, घरात दोन लेकरं, शेतमालकाची वाईट नजर, आणि शेवटी विहीर. मी उभ्या जन्मात कापूस वेचला नव्हता. जिनाच्या फाटकाशी गाड्यांच्या रांगा बघितल्या होत्या, बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकल्या होत्या, आणि शाळेच्या खिडकीतून वेचणीला जाणाऱ्या बायका दिसायच्या. तेवढ्या भांडवलावर दोनशे पानं लिहिली. शेवटचं प्रकरण लिहिताना मी स्वतः ढसाढसा रडले होते. आपल्याच लिहिण्यावर आपण रडलो की ते खरं असलंच पाहिजे, असं मला वाटायचं.

अंबादासपंतांची एक रीत होती. प्रत्येक पुस्तकात ते एक कार्ड ठेवत. त्यावर दुकानाचा पत्ता छापलेला आणि खाली दोन ओळी: वाचकांनी आपले मत निःसंकोच कळवावे, निवडक अभिप्राय पुढील आवृत्तीत छापले जातील. वर मेहेरबानी म्हणून, ज्याचा अभिप्राय छापला त्याला नव्या आवृत्तीची प्रत घरपोच भेट. साऱ्या वऱ्हाडात या रीतीचं कौतुक होतं. बघा, वाचकाला विचारणारा प्रकाशक!

विचारायचे खरे. आलेल्या पत्रांसाठी भिंतीला तारेचे दोन आकडे होते. एका आकड्यात स्तुतीची पत्रं टोचलेली, दुसऱ्यात बाकीची. बांधणीसाठी खळ शिजवायची असली की शेगडी पेटवायला दुसऱ्या आकड्याची पत्रं ओढायची. पहिल्या आकड्यावर एका रावसाहेबांचं पत्र होतं: 'कादंबरी एका बैठकीत वाचून संपवली, लेखणीत जादू आहे.' अभिप्रायासाठी त्यांना पाठवलेली प्रत एक दिवस कुणाच्या तरी हातून दुकानात परत आली. पानं जोडलेलीच. कुणी चाकू लावून उघडलीसुद्धा नव्हती. मी ती अंबादासपंतांना दाखवली, तर ते तपकीर ओढून म्हणाले, "रावसाहेबांनी मत दिलं ना? मग झालं. वाचण्याचा आग्रह आपण कशाला धरायचा?"

मी पुन्हा हसले. लाज कशी वाटली नाही कुणास ठाऊक.

त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत दुसऱ्या आवृत्तीच्या कामासाठी मी अमरावतीला गेले. बडनेऱ्याला गाडी बदलली, तिथून अमरावतीपर्यंत डब्यात सगळे कापसाच्याच भावाचं बोलत होते. स्टेशनाबाहेर गाड्याच गाड्या, ओझ्याने कण्हणारी चाकं, शेणाचा आणि सरकीचा वास, आणि कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसचा भोंगा. हवेत गारवा होता. माझं पुस्तक वर्षाच्या आत संपलं होतं. मी टांग्यात बसले होते आणि रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाने ते वाचलंय असं मला वाटत होतं. तो आनंद मी नाकारत नाही. तेवढा आनंद मला नंतर कधी झाला नाही, आणि त्याच दिवशी दुपारी मी ते कार्ड वाचलं.

दुसऱ्या आकड्यावर होतं. अक्षर बारीक, दोन्ही बाजूंनी भरलेलं, पत्त्याच्या कडेकडेनेसुद्धा. ते इथे उतरवते, एकही शब्द न बदलता. तो मान तिला इतक्या वर्षांनी तरी मिळू दे.

"मनोहररावसाहेब यांस नमस्कार. शाळेच्या मास्तरनं पुस्तक आनलं. मी दुपारी वाचते, आमी सहा-सात जनी बसतो, बाकीच्या आयकतात. तुमी कधी कापूस वेचला का? तुमची बाई भर उन्हात वेचते अन् मालक मनतो काय साफ वेचला. उन्हानं पाला वाळते, चुरा होते, कापसाले पत्ती लागते. सकाळच्या थंडाईत वेचा लागते. हे लेकराले बी माईत हाये. दुसरं, तिले इहिरीत कावून ढकललं? घरी दोन लेकरं, म्हैस गाभन, अन् ती जीव देते? आमच्या गावात तशीच एक हाये. ती नाई मेली. रोज सकाळी आमच्याबरोबर वेचाले येते. तिनं बी आयकलं पुस्तक. शेवट आयकून उठून गेली, दोन दिवस बोलली नाई. थे पाहून मले तीन रात्री झोप नाई आली, इतका तुमचा राग आला. तुमचा पत्ता माईत असता तं येऊन हाताले धरून वावरात आनलं असतं अन् एक दिवस वेचाले लावलं असतं. बाईचं मन तुमाले समजत नाई. चुकभूल माफ. सौ. अनसूया, मु. हिवरखेड."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी, वेचणाऱ्या बायकांसाठी रडलेली, आणि ही कोण कुठली चार बुकं शिकलेली खेड्यातली बाई मला शिकवणार? पत्तीचं तिचं बरोबर असणार हे मला तिथल्या तिथे कळलं होतं. म्हणून तर जास्त झोंबलं. आणि तिने ज्या बाईबद्दल लिहिलं होतं, जी दोन दिवस बोलली नाही, तिचा विचार माझ्या मनात आला सुद्धा नाही. राग तेवढा आला. मी कार्ड अंबादासपंतांपुढे आदळलं. "घ्या! हिला विचारून लिहायला हवं होतं."

त्यांनी चष्मा चढवला, वाचलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. "बाई, हे तर रत्न आहे. वकील झाले, रावसाहेब झाले, पण खेड्यातल्या बाईचा अभिप्राय आपल्याकडे एकही नाही. जरा हात फिरवावा लागेल." कागद ओढून त्यांनी माझ्यासमोर हात फिरवला. मी चहा पीत बघत होते. पाच मिनिटांत झालं:

"आपली कादंबरी वाचून मला तीन रात्री झोप आली नाही. स्त्रीचे मन आपणच जाणता. आपला पत्ता ठाऊक असता तर स्वतः येऊन आपला हात धरून आपणास आमच्या घरी आणले असते. सौ. अनसूया, हिवरखेड."

"कसं?" ते म्हणाले. "शब्द सगळे तिचेच आहेत."

मी पुन्हा हसले. शेवटचं हसू ते. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मला माहीत होतं ना, मनोहर म्हणजे मी, एक बाई! एका बाईने दुसऱ्या बाईला लिहिलं, हात धरला काय आणि झोप आली नाही काय. बाकी जगाला मनोहर पुरुष आहे, हे त्या घटकेला माझ्या डोक्यातच नव्हतं. संध्याकाळी प्रूफ आलं. त्यावर 'छापावे' असं लिहून मी सही केली. कार्ड मात्र आकड्यावरून काढून पिशवीत टाकलं. जपून ठेवायचं म्हणून नव्हे. घरी जाऊन पुन्हा वाचायचं होतं, पुन्हा रागवायचं होतं.

आवृत्ती निघाली, आणि रीतीप्रमाणे अंबादासपंतांनी हिवरखेडला भेटप्रत धाडली.

पुढचं मला अनसूयेच्या सासऱ्याच्या पत्रावरून कळलं. ते गावातल्या मास्तरांच्या हातून लिहवलं होतं. दुकानात आलं, आणि 'गंमत बघा' असं वर खरडून अंबादासपंतांनी माझ्याकडे पाठवलं. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. सुनेच्या नावाचं पुस्तक टपालाने आलं, कुणी तरी सांगितलं की मागच्या पानावर तिचं नाव छापलंय. म्हाताऱ्याने धुतलेलं धोतर नेसलं आणि पुस्तक घेऊन चावडीवर गेला. सुनेचं नाव छापून आलं, मोठ्याने वाचा म्हणाला. पटवाऱ्याने वाचलं. मोठ्याने वाचलं.

पत्रात एक शिवी नव्हती. असती तर बरं झालं असतं. "माझी सून म्हणते, मी असं लिहिलं नाही. माझा तिच्यावर भरवसा आहे, पण मला वाचता येत नाही. तिचं कार्ड तुमच्यापाशी असेल. ते पाठवा. इथे चार लोकांत वाचू, म्हणजे तिचं खरं होईल. गावात तोंड दाखवायला जागा नाही. मुलगा तिला माहेरी धाडतो म्हणतो, मी कार्ड येईपर्यंत थांब म्हटलं आहे."

कार्ड माझ्या ट्रंकेत होतं.

मी रविवारी अमरावतीला गेले. अंबादासपंत म्हणाले, "खुळ्या आहात का? कार्ड गेलं तर उद्या वऱ्हाडभर होईल की आम्ही अभिप्राय शिजवतो. मग रावसाहेबांच्या अभिप्रायाला कोण विचारणार? आणि तुमची कादंबरी खोटी आहे असं त्यात लिहिलंय, ते चावडीवर वाचायला पाठवायचं? चार दिवसांनी लोक विसरतील."

"मग मी कळवते, की मनोहर ही बाई आहे."

"कळवा की," ते म्हणाले. "पण आधी कमिटीला कळवा."

परतीच्या गाडीत मी मनाशी भांडत बसले. एक आण्याचं काम होतं. कार्ड पाकिटात घालायचं, हिवरखेडचा पत्ता घालायचा, पेटीत टाकायचं. नाव घालायचीही गरज नव्हती. पण पाकिटावर अकोल्याचा शिक्का पडेल, अक्षर कुणी ओळखेल, मास्तर-मास्तरांत बोलणं होईल. आणि खरं सांगू का? या सगळ्या भीतीच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती मी आजवर कुणाला सांगितली नाही. त्या कार्डात माझी लाज होती. लोक ती वाचतील हे मला सहन होत नव्हतं. दुसरीचं घर मोडत होतं आणि मला माझ्या शेवटच्या प्रकरणाची पडली होती.

संक्रांत आली. शाळेत पोरींनी तिळगूळ दिला. जिनांचे भोंगे एकेक करून थांबले, हवा स्वच्छ झाली, माझ्या शिंका थांबल्या. कार्ड ट्रंकेतच राहिलं.

व्याख्यानांत लेखक उभे राहतात आणि 'वाचक हेच माझं दैवत' म्हणतात, तेव्हा मला उठून जावंसं वाटतं. कसलं दैवत? आपल्याला पाठीवरून हात फिरवणारा हवा असतो. तो रावसाहेबांसारखा न वाचणारा असला तरी चालतो. ज्याने खरोखर वाचलं, सात बायकांना वाचून दाखवलं, तीन रात्री त्यावर जागून काढल्या, त्याच्याकडे आपण शेगडी पेटवायची वस्तू म्हणून बघतो. अंबादासपंतांना मी पुष्कळ नावं ठेवली. पण ते निदान धंदा करत होते. मी काय करत होते?

पुढच्या वर्षी वेचणी सुरू झाली आणि मला राहवेना. अकोटपर्यंत मोटर, तिथून बैलांची दमणी. कार्ड पिशवीत. वाटेत दोन्ही बाजूंना कापसाची फुटलेली पऱ्हाटी, आणि बायका सकाळच्या गारव्यात वेचत होत्या. सकाळच्या. मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

हिवरखेडच्या बाहेर मिरचीचा मळा आणि त्याला लागून थोडी पऱ्हाटी. कमरेला ओटी बांधून ती वेचत होती, एकटीच. पंचविशीची असेल, काळी, काटक. लांबवर एक म्हातारा मिरचीला पाणी देत होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पाठ फिरवली.

"मामंजी आता कोनाशी बोलत नाई," ती म्हणाली. "चावडीवर बी जात नाई. तुमी कोन व बाई?"

मी सांगितलं. मनोहर म्हणजे मीच. तिचे हात थांबले. ती माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघत राहिली.

"बाई हा तुमी?"

"हो."

"अन् इहिरीत ढकललं तिले?"

मी पिशवीतून कार्ड काढून दिलं. तिने ओटीला हात पुसले आणि तिथेच उभ्याने वाचलं, ओठ हलवत, पहिल्यापासून कडेच्या ओळीपर्यंत. "बराबर तं लिहिलं होतं मी," ती स्वतःशीच म्हणाली. तिला स्वतःलाच शंका यायला लागली असावी, इतकं सुटल्यासारखं ती म्हणाली.

मग तिने विचारलं, "हे तुमाले कवा भेटलं?"

"मागच्या दिवाळीत."

"म्हंजे मामंजीचा कागद आला तवा तुमच्याचपाशी होतं?"

"माझ्यापाशीच होतं."

"तुमी बाई हा, हे बी नाई सांगतलं कोनाले."

"माझी नोकरी गेली असती गं."

"हो," ती म्हणाली. "गेली असती." त्यात टोमणा नव्हता. तिला ते खरंच पटलं होतं, आणि मला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं.

वेचता वेचता तिने सांगितलं. कार्डाची महिनाभर वाट पाहिली. आलं नाही, म्हणजे हिचंच खोटं, असं सगळ्यांनी धरलं. नवऱ्याने माहेरी धाडलं. चार महिन्यांनी सासऱ्यानेच जाऊन परत आणलं. घरात आता पुस्तक येत नाही. दुपारी बायका जमत नाहीत. "माझी ननंद गंगू चौथीत होती. पयला नंबर होता तिचा. तिले शाळेतून काढलं. वाचनानं असं होते मनतात." हे सांगताना मात्र तिने वेचणं थांबवलं. "माझं काय, जाऊ द्या. पन गंगूनं काय केलं होतं, सांगा?"

मी मास्तरीण. तिसरीच्या पोरींना हाताला धरून अक्षरं गिरवून घेणारी. मी म्हटलं, "चल, आत्ता चावडीवर जाऊ. मी उभी राहून कार्ड वाचते. माझं नाव सांगते. जाऊ दे नोकरी."

ती किंचित हसली. "आता कोनाले आयकाचं हाये? लोकायले थे छापलेलंच आवडलं होतं."

तिने कार्ड परत माझ्या हातात दिलं. घरात ठेवायची सोय नव्हती. मी रडायला लागले, तर म्हणाली, "रडू नोका बाप्पा, लोक पायतात." आणि मी निघताना, ओटी सावरत, तिने विचारलं, "दुसरं पुस्तक लिहून राहिल्या का?"

"नाही."

"लिहिलं तं मले त्यात घेऊ नोका. नाव बदलून बी घेऊ नोका."

मी तिच्या हातावर हात ठेवला आणि शब्द दिला, नाही घेणार म्हणून. तो शब्द आज, ही पानं लिहून, मी मोडला.